क्यू धरायचा हक्क

आजची गोष्ट एका खेळाची आहे, आणि तो खेळ आपल्यातल्या बहुतेकींनी टीव्हीवरसुद्धा नीट पाहिलेला नसेल. स्नूकर. तालुक्याच्या गावी एखाद्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर तशी पाटी असते, काचा रंगवलेल्या असतात, खाली मोटारसायकली लावलेल्या असतात. आपण बाजाराची पिशवी घेऊन खालून निघून जातो. वर काय चाललंय ते कधी बघत नाही.

खेळ समजायला कॅरम आठवा. कॅरममध्ये राणी घेतली की लगेच दुसरी सोंगटी घेऊन ती पक्की करावी लागते. स्नूकरमध्येही अशीच जोडी असते. टेबल १२ फूट लांब, ६ फूट रुंद, वर हिरवं कापड, कडेला सहा पॉकेटं. लाकडी काठीने, म्हणजे क्यूने, पांढरा चेंडू मारायचा आणि त्याने दुसरा चेंडू पॉकेटात घालवायचा. लाल चेंडू १५, प्रत्येकी एक गुण. एक लाल घेतला की मग एक रंगीत घ्यायचा. पिवळ्याला २, हिरव्याला ३, तपकिरीला ४, निळ्याला ५, गुलाबीला ६ आणि काळ्याला ७ गुण. लाल संपेपर्यंत रंगीत चेंडू पुन्हा टेबलावर येतो, म्हणून पुढचा लाल कुठे, त्यानंतर काळा कसा मिळेल, हे तीन-चार पावलं आधी ठरवावं लागतं. एकही चूक न करता, प्रत्येक लालनंतर काळाच घेत सगळं टेबल साफ केलं तर १४७ गुण होतात. ताकद लागत नाही. नजर लागते, हात स्थिर लागतो, आणि पुढचं दिसावं लागतं. आता मला सांगा, यात बाईला न जमण्यासारखं काय आहे?

आमच्या लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत घरात आम्ही मुली दुपारभर कॅरम खेळायचो. पण चौकात मंडळाचा मोठा बोर्ड होता, वर दिवा टांगलेला, रात्री अकरापर्यंत खेळ चालायचा. त्या बोर्डाजवळ एकही मुलगी उभी राहिलेली मला आठवत नाही. कुणी पाटी लावली नव्हती. जायचं नाही, एवढं माहीत होतं.

इंग्लंडात मात्र चक्क नियम होते. उत्तरेकडे यॉर्कशायर नावाचा भाग आहे, कोळशाच्या खाणींचा. तिथे वेकफील्ड शहरात कामगारांचा एक क्लब होता. असे क्लब तिकडे गावोगाव होते. स्वस्त बिअर, गाणी, पत्ते, आणि मागच्या खोलीत स्नूकरचं टेबल. शीला कॅपस्टिक नावाची एक बाई तिथे कित्येक वर्षं स्नूकर खेळत होती. १९७८ साली कमिटीने तिला सांगितलं की यापुढे बायकांनी टेबलाला हात लावायचा नाही. दुसरी एखादी घरी गेली असती. शीलाबाईंनी क्लबच्या दारात निदर्शनं केली, सह्या गोळा केल्या, आणि बघता बघता ते देशभरचं आंदोलन झालं. त्यांची घोषणा मजेशीर होती. इंग्रजीत ‘निवड करणे’ आणि ‘क्यू’ हे शब्द कानाला जवळचे वाटतात, त्यावर खेळ करून त्यांनी ‘बाईचा क्यूवर हक्क’ अशी घोषणा बनवली होती.

वाद टेबलापुरता नव्हता. या क्लबांची देशभर एक मोठी संघटना होती. पुरुष सभासदाकडे तिचं कार्ड असलं की तो देशातल्या कुठल्याही क्लबात जाऊ शकायचा. बाईला ते कार्ड नाही, संघटनेत मतही नाही. नवऱ्याबरोबर यावं, कोपऱ्यात बसावं, कार्यक्रमाला सँडविच करावेत. समान हक्काचा ठराव पुन्हा पुन्हा मांडला गेला, पुन्हा पुन्हा पडला. ग्रामसभेत ज्या नेमाने बसतात त्यांना हे सांगायला नको. अखेर तो पास झाला २००७ साली. म्हणजे शीलाबाईंना टेबलावरून उठवल्यानंतर २९ वर्षांनी. मधल्या काळात, १९८४-८५च्या मोठ्या खाणसंपात, याच शीलाबाई खाणकामगारांच्या बायकांच्या आघाडीत उभ्या होत्या. क्लबात ज्यांना मत नव्हतं, त्यांनीच त्या वर्षी संपकऱ्यांच्या घरांसाठी चुली पेटत्या ठेवल्या.

गंमत अशी की हा खेळ मुळात आपल्याकडचा. १८७५च्या पावसाळ्यात जबलपूरच्या छावणीत इंग्रज अधिकारी बसून कंटाळले होते. बिलियर्ड्सच्या टेबलावर त्यांनी जास्तीचे रंगीत चेंडू मांडून नवा डाव सुरू केला. नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण अधिकाऱ्याला त्याचं श्रेय देतात. नंतर पंतप्रधान झाले ते चेंबरलेन हे नव्हेत, नाव तेवढं सारखं. लष्करात नव्या पोराला ‘स्नूकर’ म्हणून चिडवत, तेच खेळाचं नाव पडलं. पुढे उटीच्या क्लबात त्याचे नियम लिहून भिंतीवर लावले. छावणी आणि साहेबांचा क्लब, दोन्ही ठिकाणी आपल्या लोकांना प्रवेश नोकर म्हणून. बायकांचा तर प्रश्नच नव्हता.

इंग्लंडात गेल्यावर खेळाला पैसा आला, पण सावकाश. १९२७ साली जो डेव्हिस या खेळाडूने पहिली जागतिक स्पर्धा भरवली आणि स्वतःच जिंकली. बक्षीस होतं साडेसहा पौंड. खेळाडूंच्या प्रवेश फीमधल्या निम्म्या रकमेतून चषक विकत घेतला, तोच चषक आजही देतात. मग १९६७ साली रंगीत टीव्ही आला. रंगीत चेंडूंचा खेळ दाखवायला याहून चांगलं काय मिळणार? सिगारेट कंपन्यांनी पैसा ओतला आणि पुरुषांची टूर उभी राहिली.

टूर म्हणजे काय, ते आपल्याला समजायला अवघड नाही. चैत्रात जत्रा सुरू झाल्या की पैलवान एका गावचा फड संपवून दुसऱ्या गावच्या फडाला जातात. इनाम मिळतं, नाव होतं, आणि नाव झालं की पुढच्या गावी मोठी कुस्ती लागते. टूर तशीच. वर्षभर वेगवेगळ्या शहरांत स्पर्धा, प्रत्येकीतल्या कामगिरीवर क्रमवारी, आणि क्रमवारीत वर असलं की पुढच्या स्पर्धेत सोपी जागा. फक्त प्रवास, मुक्काम आणि जेवण बऱ्याचदा खेळाडूच्याच खिशातून.

बायका यात उशिरा आल्या असं समजू नका. इंग्लंडात महिला बिलियर्ड्स संघटना १९३१ साली निघाली आणि १९३४पासून बायकांची व्यावसायिक स्नूकर स्पर्धा भरायला लागली. रूथ हॅरिसन सलग १९४०पर्यंत जिंकत गेली. महायुद्धानंतर १९४९ साली वेल्समधल्या खाणकामगाराची मुलगी अ‍ॅग्नेस डेव्हिस जिंकली. १९५०नंतर ती स्पर्धा बंद पडली. पुढची पंचवीस वर्षं जवळपास कोरडीच गेली.

मग आल्या व्हेरा सेल्बी, न्यूकॅसलच्या. लहानपणी काकांच्या तळघरातल्या टेबलावर शिकलेल्या, नोकरी वस्त्रकला शिकवण्याची. १९७६ साली त्या महिलांच्या जागतिक विजेत्या झाल्या. १९८१ साली पुन्हा झाल्या, तेव्हा वय होतं ५१. आपल्या गटातल्या किती जणी पन्नाशी ओलांडल्यावर म्हणतात, ‘आता काय शिकायचं?’ त्यांच्यासाठी हा आकडा मुद्दाम सांगते. आणि १९८४ साली जी जिंकली, ती स्टेसी हिल्यार्ड १५ वर्षांची होती.

त्याच १९८१ साली मँडी फिशर या तरुण खेळाडूने महिलांची वेगळी संघटना काढली. आजची महिला टूर तिथूनच निघाली. एखादी स्पर्धा कुणी भरवली तर खेळायचं, हे तिला पुरेसं वाटलं नाही. वर्षभराचं वेळापत्रक हवं, गुण हवेत, क्रमवारी हवी. १९८४ साली नॅशनल एक्सप्रेस या तिकडच्या बस कंपनीने पैसे दिले आणि बायकांची टप्प्याटप्प्याची मालिका झाली. म्हणजे आपल्याकडे एसटीने बायकांच्या कबड्डीची मालिका भरवावी तसं. मँडीच ती एकंदरीत जिंकली. आयोजकही तीच, विजेतीही तीच! आजही महिला स्नूकरमध्ये तिचं नाव आदराने घेतात.

यानंतर अ‍ॅलिसन फिशर आली. नात्याने मँडीची कुणी नव्हे, आडनाव एक. १९८५ साली १७ व्या वर्षी पहिलं जागतिक विजेतेपद, आणि एकूण सात. १९९०च्या सुमारास व्यावसायिक टूरचं दार सगळ्यांना खुलं झालं तेव्हा ती पुरुषांबरोबरही खेळली. पण १९९५ साली ती अमेरिकेला गेली आणि पूल हा दुसरा खेळ खेळायला लागली. कारण साधं होतं, तिथे बायकांना पोट भरेल एवढं बक्षीस होतं. तिच्यामागून कॅरन कोर गेली, मग केली फिशर. काही वर्षं महिलांचे अंतिम सामने शेफील्डच्या नाट्यगृहात, पुरुषांच्या जागतिक स्पर्धेच्या जागीच झाले होते. पण २००३ साली पुरुषांच्या संघटनेने मदत काढून घेतली आणि २००४ साली महिलांची जागतिक स्पर्धा भरलीच नाही. सिगारेटच्या जाहिरातींवर बंदी येत होती, पैसा आटत होता. आटला की पहिला कुणाचा नळ बंद होतो, ते आपल्याला ठाऊक आहे.

अशा वेळी डडली गावची रिॲन एव्हन्स जिंकायला लागली. २००५ ते २०१४, सलग दहा वर्षं. पुढे आणखी दोन, म्हणजे एकूण बारा. या काळात तिने मुलगीही वाढवली. २०१०-११च्या हंगामात तिला पुरुषांच्या मुख्य टूरवर खास जागा दिली. ती १८ सामने खेळली आणि अठराही हरली. लगेच लोक म्हणाले, ‘बघा, सांगत होतो.’

मला इथे जरा थांबायचं आहे. पंचायतीत राखीव जागेवर पहिल्यांदा निवडून आलेल्या बाईलाही लोक असंच म्हणाले होते. पहिल्या बैठकीत बोलली नाही, म्हणजे तिला काही येत नाही. अहो, ज्या माणसांबरोबर आजवर बसूच दिलं नाही, त्यांच्याबरोबर पहिल्या वर्षी बरोबरी कशी होईल? पुरुष आठवड्याला तगड्या माणसाशी खेळून तयार झालेला, आणि हिच्या वाट्याला वर्षातून मोजक्या स्पर्धा. २०१३ साली रिॲनने थायलंडच्या थेपचाया उन-नूह या व्यावसायिक खेळाडूला हरवलं आणि क्रमवारीच्या स्पर्धेच्या मुख्य फेरीत पोचणारी पहिली बाई ठरली. २०१५ साली जागतिक स्पर्धेच्या पात्रता फेरीत केन डोहर्टी या माजी जगज्जेत्याशी ती १०-८ अशी हरली. अठरा पराभव आठवणाऱ्यांनी हा सामनाही आठवावा.

२०२१पासून महिला टूरमधल्या वरच्या खेळाडूंना मुख्य टूरवर दोन वर्षांची जागा मिळते. पहिल्या दोघी रिॲन आणि हाँगकाँगची एन्ग ऑन-यी. ‘हे फुकटचं’ असं म्हणणारे तिकडेही आहेत. माझ्या मते हे फुकटचं नाही. जी क्रमवारी बायकांनी पदरचे पैसे घालून चाळीस वर्षं चालवली, तिचीच ती पावती आहे. महिला टूरची एक रीत मला फार आवडते. सुरुवातीला गटात सामने होतात, आणि गटात हरलेल्यांना घरी पाठवत नाहीत. त्यांच्यासाठी चॅलेंज कप असतो. लांबून आलेल्या नव्या मुलीला एकाऐवजी चार सामने मिळतात.

तरी सगळं सुरळीत झालं असं नाही. २०१९ साली, म्हणजे त्या क्लबांच्या ठरावानंतर बारा वर्षांनी, कीथली गावच्या रिबेका केना या टूरवरच्या खेळाडूला तिथली स्थानिक लीग सोडावी लागली. कारण लीगमधल्या दोन क्लबांत फक्त पुरुषांना प्रवेश. तिचा संघ तिथे खेळायला जायचा, ती बाहेर.

आता खेळाचा ओघ आशियाकडे वळलाय. थायलंडची नुचारुत वोंगहारुथाई २०२२ साली जागतिक विजेती झाली. तिने २०१९ साली सरावात पूर्ण १४७ केले होते. २०२३ साली तिच्याच देशाची सिरिपापोर्न, आणि २०२४ व २०२५ साली चीनची बाई युलू. तिचं नावच ‘बाई’ आहे, माझं सांगणं नव्हे!

आणि आपल्या मुली? २०१७ साली विद्या पिल्लई टूरच्या जागतिक स्पर्धेत अंतिम फेरीत पोचली आणि एन्ग ऑन-यीशी ६-५ अशी, शेवटच्या डावात हरली. इंदूरच्या अमी कमानीने आशियाई विजेतेपद आणलं. २०२५च्या नोव्हेंबरात, टूरबाहेरच्या हौशी खेळाडूंच्या जागतिक स्पर्धेत, चेन्नईच्या अनुपमा रामचंद्रनने दोहाला त्याच एन्ग ऑन-यीला ३-२ असं हरवलं. मुंबईत मार्च २०१५मध्ये पुरुषांच्या व्यावसायिक टूरची इंडियन ओपन झाली होती, आणि आपल्या पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ सालीच बिलियर्ड्सचे जगज्जेते होते. टेबलं आपल्याकडे होतीच.

हे सगळं वाचल्यावर परवा तालुक्याला गेले तेव्हा तो जिना चढले. आत तीन टेबलं, त्यातलं एकच मोठं. काउंटरवरचा पोरगा उठून उभा राहिला, त्याला वाटलं मी कुणाची तरी आई, शोधायला आले. मी म्हटलं, ‘बघायला आलेय.’ तो म्हणाला, ‘बघा की मावशी.’ मुली येतात का विचारलं, तर म्हणाला, ‘दोघी येतात, कॉलेजच्या, दुपारी, गर्दी नसते तेव्हा.’ मग त्याने क्यू हातात दिला, बोटांवर कसा टेकवायचा ते दाखवलं. मी एक लाल चेंडू धरून मारला. लाल जागचा हलला नाही, पांढराच पॉकेटात गेला. त्याचे चार गुण समोरच्याला मिळतात म्हणे.