पेरू देशातील वाटाणा आणि भुरीचे कोडे

नाशिकच्या द्राक्षबागायतदाराला ‘भुरी’ समजावून सांगावी लागत नाही. वाटाण्यावरही भुरी येते, मात्र तिची बुरशी निराळी: एरिसायफी पिसाय. दिवस कोरडे व उबदार, रात्री थंड आणि दवाच्या असल्या की पानांवर पीठ भुरभुरल्यासारखा थर चढतो. युरोप-अमेरिकेत वाटाणा जनावरांच्या चाऱ्यासाठीही पेरला जातो. तेथे भुरीने दाणा घटतो आणि चाऱ्याचा कसही उतरतो.

पिकाची सर्वाधिक विविधता त्याच्या उगमभूमीत सापडते, हा निकोलाय वाविलोव यांचा १९२६ मधील सिद्धान्त. त्या न्यायाने वाटाण्याचे रोगप्रतिकारक वाण पश्चिम आशियात किंवा भूमध्य समुद्राकाठी शोधायला हवे होते. प्रत्यक्षात ते हाती लागले दक्षिण अमेरिकेत. हे पीक तेथे युरोपीय लोकांनी नेले, म्हणजे अवघ्या काही शतकांपूर्वी!

शोधकर्ता होता सिडनी क्रॉस हार्लंड, हाडाचा कापूसतज्ज्ञ. १९४० च्या दशकात तो पेरूमध्ये कापसाच्या आनुवंशिकीवर काम करीत होता. तेथील काही स्थानिक वाटाण्यांवर भुरी येत नाही, हे त्याने हेरले आणि संकर करून पाहिले. पहिल्या पिढीतील एकूण एक झाडे रोगाला बळी पडली. घाईचा माणूस इथेच थांबला असता. दुसऱ्या पिढीत मात्र सुमारे एक चतुर्थांश झाडे निरोगी निघाली. प्रतिकार एकाच अप्रभावी जनुकात दडलेला होता. हा निष्कर्ष १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. ते जनुक आज ‘ईआर-१’ म्हणून ओळखले जाते.

जननद्रव्याची अशी छाननी वरवर सोपी भासते. पण ही बुरशी केवळ जिवंत झाडावरच वाढते, प्रयोगशाळेतील कृत्रिम खाद्यावर नाही. म्हणून चाचणीच्या ओळींमध्ये मुद्दाम रोगाला बळी पडणारा वाण पेरतात, रोगट पानांवरील बीजाणू झटकतात आणि प्रत्येक झाडाला गुण देतात. खरी अडचण असते ती प्रतिकारक झाड आणि केवळ दैवाने वाचलेले झाड यांतला भेद ओळखण्याची. त्यासाठी तीच परीक्षा पुन्हापुन्हा घ्यावी लागते.

हे जनुक नेमके करते काय, हे उलगडायला २०११ साल उजाडले. उत्तर चमत्कारिक होते: ते काही करीतच नाही. सर्वसाधारण वाटाण्यातील ‘एमएलओ’ नावाचे एक प्रथिन बुरशीला पेशीत शिरण्यास उपयोगी पडते. पेरूच्या वाटाण्यात तेच निकामी झालेले होते. जर्मनीत १९४२ मध्ये क्ष-किरणांच्या माऱ्यातून सातूमध्ये मिळालेला भुरी-प्रतिकारही याच जातीचा. घराचे दार भक्कम करण्याऐवजी कडीच काढून टाकावी आणि चोराला दारच उघडता येऊ नये, असा हा उलटा न्याय.

ही ढाल मात्र सर्व शत्रूंवर चालत नाही. २०१० मध्ये अमेरिकेच्या वायव्य भागातील वाटाण्यावर एरिसायफी ट्रायफोली ही दुसरी बुरशी ओळखली गेली. ती मूळची क्लोव्हरची, म्हणजे बरसीमच्या कुळातील चारापिकांची. ‘ईआर-१’ तिला रोखू शकत नाही. दरम्यान पिसम फुल्वम या पश्चिम आशियाई रानवाटाण्यात एक वेगळे, प्रभावी जनुक सापडले होते. म्हणजे शोध पुन्हा वाविलोव यांच्या नकाशावर येऊन पोहोचला.