दोन एमबी मेमरी आणि एक अपुरी प्रणाली : लिनक्सचे पहिले दिवस

१/ जानेवारी १९९१. हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टॉरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने हप्त्यांवर संगणक घेतला. इंटेल ३८६ प्रोसेसर, ४ एमबी मेमरी. लिनक्स या मुक्त कार्यप्रणालीचा जन्म याच यंत्रावर झाला. मात्र केवळ निर्मात्याची कथा सांगितली, तर ती अर्धीच राहते. उरलेली अर्धी तिच्या पहिल्या वापरकर्त्यांची आहे.

२/ युनिक्सची किंमत तेव्हा विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेर होती. ॲम्स्टरडॅमचे प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी १९८७ मध्ये अध्यापनासाठी ‘मिनिक्स’ ही युनिक्ससारखी छोटी प्रणाली सिद्ध केली. तिचा सोर्स कोड वाचता येई. पण ती विकत घ्यावी लागे आणि फेरफार केलेली संपूर्ण प्रत इतरांना वाटण्याची मुभा नव्हती.

३/ विद्यापीठाच्या संगणकाशी मोडेमद्वारे जोडले जाण्यासाठी टॉरवाल्ड्स यांनी एक लहानसा प्रोग्राम लिहिला. तोच वाढत वाढत कार्यप्रणाली होऊ लागला. २५ ऑगस्ट १९९१ रोजी त्यांनी मिनिक्सच्या वापरकर्त्यांना ही वार्ता कळवली आणि तुम्हाला कोणत्या सोयी हव्यात, असे विचारले. सप्टेंबरात ०.०१ ही आवृत्ती आली : सुमारे १०,००० ओळी. मिनिक्सच्या आधाराविना ती चालतही नसे.

४/ आरंभीचे अनुभव खडतर होते. आजच्यासारखी सुलभ स्थापना नव्हती. हार्ड डिस्कवरून प्रणाली सुरू करायची, तर बूट फ्लॉपीतील दोन बाइट स्वतः बदलावे लागत. खुद्द टॉरवाल्ड्स यांनी एकदा मोडेमला द्यायची आज्ञा चुकून हार्ड डिस्कला दिली आणि त्यांचे मिनिक्स निकामी झाले. ते पुन्हा बसवण्याऐवजी त्यांनी लिनक्सवरच विसंबायचे ठरवले.

५/ त्याच सुमारास जर्मनीतील एका वापरकर्त्याची अडचण पुढे आली. त्याच्या संगणकात अवघी २ एमबी मेमरी होती; कर्नल कंपाइल करण्याइतकी जागाच नव्हती. टॉरवाल्ड्स यांना स्वतःला ही अडचण नव्हती. तरीही डिसेंबरच्या सुट्टीत त्यांनी मेमरीतील मजकूर तात्पुरता डिस्कवर हलवण्याची सोय लिहिली. मिनिक्समध्ये ती नव्हती. एका परक्या माणसाच्या गरजेने लिनक्स मिनिक्सच्या पुढे गेले.

६/ परवान्याचेही तसेच झाले. लिनक्ससाठी पैसे घेण्यास मूळ परवान्यात पूर्ण बंदी होती. पण प्रती वाटू इच्छिणाऱ्यांना फ्लॉपीचा खर्च तरी वसूल करणे भाग होते. १९९२ च्या आरंभी टॉरवाल्ड्स यांनी ग्नू प्रकल्पाचा जीपीएल परवाना स्वीकारला : प्रत विकता येईल, पण घेणाऱ्याला सोर्स कोड आणि त्यात बदल करण्याचा हक्क मिळालाच पाहिजे.

७/ २९ जानेवारी १९९२ रोजी टॅनेनबॉम यांनी लिनक्सला कालबाह्य ठरवले. सारे काही एकाच मोठ्या कर्नलमध्ये कोंबणे म्हणजे १९७० च्या दशकाकडे परतणे, हा त्यांचा आक्षेप. लिनक्स ३८६ प्रोसेसरला जखडलेले आहे, ही टीका त्या क्षणी खरीच होती. पुढे इतर प्रोसेसरांसाठी लिनक्स घडवले गेले आणि ती मर्यादा ओलांडली गेली.

८/ येथे एक ऋण नोंदवणे अगत्याचे. लिनक्स हे केवळ कर्नल. ते ज्या कंपायलरने घडले तो जीसीसी, आणि नित्य वापराची अनेक साधने, रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये घोषित केलेल्या ग्नू प्रकल्पातून आली. १९९३ मध्ये स्लॅकवेअर आणि डेबियन यांनी हे सारे एकत्र बांधून देण्यास आरंभ केला.

९/ १४ मार्च १९९४ रोजी १.० आवृत्ती प्रसिद्ध झाली : सुमारे १,७६,००० ओळी. अडीच वर्षांतील ही वाढ एका माणसाची नव्हे. मिनिक्स शिकवण्यासाठी पुरेसे होते, म्हणून ते मुद्दाम लहान ठेवले गेले. लिनक्स अपुरे होते. पण ते पुरे करण्याचा अधिकार वापरणाऱ्यांच्या हाती होता.