चालते घर आणि लदेणीचा हिशेब

जुनी शाळेची बस विकत घ्यायची, आतली बाकडी काढून टाकायची, त्या जागी बिछाने, शेगडी आणि पाण्याची टाकी बसवायची आणि मुलाबाळांसह महिनोन्‌महिने देश पाहत हिंडायचे, असा उद्योग अमेरिकेत काही कुटुंबे करतात. वर्गात हे सांगितले की मुलांचे डोळे चमकतात. तेवढ्यात त्यांना एक प्रश्न विचारावा. अशा चालत्या घराला रोज काय काय लागेल? डिझेल, पाणी, स्वयंपाकाची सोय, रात्री थांबायला जागा आणि वाटेत पोटापुरती कमाई. ही यादी फळ्यावर तशीच राहू द्यावी. याच पाच गोष्टींचा मेळ घालत आपल्याकडे हजारो कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या वाटेवर राहिली होती.

वाशीम जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्यातले पोहरादेवी हे बंजारा समाजाचे मोठे श्रद्धास्थान. संत सेवालाल महाराजांची समाधी येथे आहे आणि रामनवमीला येथे मोठी यात्रा भरते. परंपरेप्रमाणे सेवालालांचा जन्म १७३९ साली आंध्रातल्या गुत्तीजवळ झाला. भिंतीवरचा नकाशा पाहा : गुत्तीहून पोहरादेवी जवळजवळ सरळ उत्तरेला आहे, आणि मधले अंतर सरळ रेषेत साडेपाचशे किलोमीटरांहून अधिक भरते. जन्म एकीकडे आणि समाधी इतक्या दूर, हे शेतकऱ्याच्या घरात नवलाचे वाटेल. तांड्यात ते नवल नव्हते. बैलांच्या पाठीवर माल लादून केलेल्या या फिरत्या व्यापाराला बंजारा ‘लदेणी’ म्हणत. धान्य एकीकडे न्यायचे, मीठ दुसरीकडून आणायचे. ‘लमाण’ हे नावही ‘लवण’ म्हणजे मीठ या शब्दावरून आले असे बहुतेक अभ्यासक मानतात.

या तांड्यांचे आकार ऐकले की पहिल्यांदा खरे वाटत नाही. पीटर मंडी हा ईस्ट इंडिया कंपनीचा नोकर. १६३२ साली आग्र्याहून पाटण्याकडे जाताना त्याला चौदा हजार बैलांचा एक तांडा भेटला. सगळ्या बैलांवर धान्य होते, दर बैलावर चार मण. तांड्यात बायकामुले धरून माणसे सहा-सातशे असावीत, असे तो लिहितो. दिवसाची मजल सहा-सात मैलांपेक्षा जास्त नाही, आणि तीही गारव्याच्या वेळी. ताव्हेर्निए हा फ्रेंच जवाहिऱ्या त्याच शतकातला. दहा-बारा हजार बैलांचा तांडा समोरून आला तर वाट मोकळी होण्यासाठी दोन-तीन दिवस थांबावे लागते, अशी त्याची तक्रार आहे.

परदेशी प्रवासी वाढवून सांगतात, असे आपण मुलांना सांगतो. सांगावेही. पण आधी हिशेब करून पाहायला काय हरकत आहे? अरुंद वाटेवर बैल एकामागे एक चालतात असे धरू आणि एका बैलाला पुढच्या मोकळ्या जागेसह तीन मीटर देऊ. बारा हजार बैलांची रांग ३६ किलोमीटर लांब होईल. सहा-सात मैल म्हणजे दहा-अकरा किलोमीटर. दिवसाला तेवढी मजल असेल, तर ही रांग एका जागेवरून पुढे सरकायला तीन दिवसांहून थोडे अधिक लागतील. दोन माणसांनी वेगवेगळ्या वेळी लिहिलेल्या गोष्टी, एकाची मजल आणि दुसऱ्याची खोटी, एकमेकींशी जुळतात. ताव्हेर्निए फारसा वाढवून बोलत नव्हता असे मला तरी वाटते.

आता मालाचा विचार करू. मोगल काळात मणाचे वजन बदलत गेले. कमीत कमी, म्हणजे २५ किलो धरले, तरी एका बैलावर शंभर किलो होतात. चौदा हजार बैलांवर १४०० टन. आजच्या दहा टनी ट्रकांत भरायचे तर १४० ट्रक लागतील.

बैलावर हे ओझे दोन गोण्यांत दोन्ही बाजूंना सारखे तोलून लादावे लागे. मुक्कामाला उतरवायचे, निघताना पुन्हा चढवायचे. साडेसहाशे माणसांतली लहान मुले आणि म्हातारी माणसे वगळली तर कामाचे हात चारशेजणांचे राहतील. दोन्ही गोण्या एकदम उचलायला दोघे हवेत, म्हणजे जोड्या झाल्या दोनशे. प्रत्येक जोडीच्या वाट्याला सत्तर बैल. एका बैलाला दोन मिनिटे दिली तरी रोज सव्वादोन तासांहून अधिक वेळ नुसता लादण्यात जाईल, आणि उतरवण्याचे काम वेगळेच. बायकांना घरी ठेवून पुरुषांनीच व्यापाराला निघायचे ठरवले असते, तर हे काम दुपटीच्या घरात गेले असते आणि मजल आणखी आखडली असती. मंडीला बायका पुरुषांच्या बरोबरीने राबताना आणि प्रसंगी लढतानाही दिसल्या. कुटुंब या व्यापाराच्या मागून फरफटत येत नव्हते. त्याच्याशिवाय व्यापार चाललाच नसता. गुरे हाकणे आणि चरताना राखणे मुलांकडे. गोरबोली ही राजस्थानी बोलींच्या जवळची भाषा. ती तेलंगणात, कर्नाटकात आणि आपल्या वऱ्हाडात आजही घराघरांत टिकून आहे, त्याचेही एक कारण हेच असावे. आई, बाप, आजी सगळीच बरोबर चालत असतील, तर भाषा मागे कुठे राहणार?

दिवसाला दहा किलोमीटर फार कमी वाटतात. बैल तासाला तीनेक किलोमीटर सहज चालतो. मग उरलेला दिवस कशात जात असे? आपल्या यादीतले पहिले कलम पाहा. बैलाचे डिझेल म्हणजे गवत, आणि ते भरायला वेळ लागतो. रवंथ करणारे जनावर आधी घाईने चरून घेते आणि मग निवांत बसून तेच पुन्हा चावते. चरायला सहा-आठ तास आणि रवंथाला जवळजवळ तेवढेच. तीनशे किलोच्या बैलाला रोज सहा-सात किलो सुका चारा लागतो. चौदा हजार बैलांना होतो शंभर टनांच्या आसपास. पाणी दर बैलाला तीस लिटर धरले तर सव्वाचार लाख लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे ४२ टँकर. एवढा चारा आणि एवढे पाणी विकत घ्यायचे म्हटले तर धान्याच्या किमतीत भाडेही सुटणार नाही. मजल हळू होती म्हणूनच वाहतूक स्वस्त पडत होती. बैल वाटेत फुकट चरत, आणि त्यांना अडवणारे कोणी नसते, हेही मंडीने नोंदवले आहे. त्याचे हे शेवटचे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

कोणी विचारील, मग गाडी का नाही जोडली? पक्क्या सडकेवर दोन बैल पाठीवर वाहतात त्याच्या तिप्पट ओझे गाडीतून ओढतात. पण सडक हवी. वऱ्हाडच्या काळ्या मातीत चाक रुतते, घाटात अडते, नाल्यात फसते. बैलाचा पाय या तिन्ही ठिकाणी निघतो.

मुक्काम कुठे करायचा यासंबंधी रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ सालच्या ग्रंथात एक गमतीचे वर्णन आहे. तांड्याच्या अग्रभागी देवाला सोडलेला एक बैल असे. अंगावर रेशमाच्या तांबड्या पट्ट्या, घुंगरे आणि कवड्यांच्या माळा, पाठीवर ओझे मात्र कधीच नाही. तो दमून जिथे बसेल तिथे त्या दिवसाचा तळ. बिनओझ्याचा बैल सर्वांत उशिरा दमायला हवा, हे नायकाला कळत नसेल असे नाही. पण जनावर बसते ते बहुधा गवत आणि पाणी पाहून, आणि तळाला नेमके तेच हवे असते.

सैन्याला या गोण्यांची किंमत चांगली ठाऊक होती. १८०३ साली आर्थर वेलस्लीची फौज असईच्या लढाईनंतर वऱ्हाडात शिरली आणि अडगाव व गाविलगड येथे लढली. त्याच्या पत्रांत बंजाऱ्यांचे बैल येऊन पोचले की नाही, ही चिंता पुन:पुन्हा डोके वर काढते. पुढे अमरावतीचा कापूसही बैलांच्या पाठीवरून थेट मिर्झापूरपर्यंत जाई.

मग आगगाडी आली. १८६७ साली रूळ अकोला, बडनेरा करत नागपूरला पोचले आणि लदेणी संपली, असे आपण एका वाक्यात सांगून मोकळे होतो. ते खरे आहे, पण अपुरे. आगगाडी स्टेशनापर्यंतच जाते. तिथून आडगावांपर्यंत माल नेणारे बैल काही काळ तरी टिकू शकले असते. परंतु मिठावर सरकारचा कर आणि पहारा बसला होता. कर चुकवून मीठ जाऊ नये म्हणून काटेरी कुंपणाची जकात-रेषा देशाच्या मधून बुऱ्हाणपुरावरून गेली होती; ती १८७९ साली उठली. दरम्यान १८७८ चा वनकायदा आला आणि ठिकठिकाणी जंगले राखीव झाली. मंडीच्या वेळी गवतावर अडवणारा कोणी नव्हता, आता रखवालदार उभा राहिला. १८७१ च्या कायद्याने तर काही जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला, आणि अनेक बंजारा गट त्याखाली आले. फिरणे हाच ज्यांचा धंदा, त्यांचे फिरणेच संशयास्पद ठरले. हा कायदा १९५२ साली रद्द झाला. महाराष्ट्रात बंजारा समाज आज विमुक्त जातींच्या यादीत आहे तो या इतिहासामुळे.

तांडे थांबले, त्यांच्या वस्त्या झाल्या, नाव मात्र तांडाच राहिले. पोहरादेवीच्या शेजारच्या पुसद तालुक्यातील गहुली येथे १९१३ साली एका बंजारा कुटुंबात वसंतराव नाईक जन्मले. ते १९६३ ते १९७५ महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते आणि संकरित ज्वारीचा त्यांनी हिरिरीने पुरस्कार केला. २०२४ च्या ऑक्टोबरात पोहरादेवीला बंजारा विरासत संग्रहालयही सुरू झाले.

प्रवास मात्र पुरता थांबलेला नाही. मराठवाड्यातल्या आणि विदर्भातल्या अनेक तांड्यांतून दिवाळीच्या सुमारास कुटुंबे ऊसतोडीला निघतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, अंथरूण, पत्रे, शेळी आणि मुले. येथेही नवरा-बायको दोघे मिळून एक ‘कोयता’ धरतात, कारण तोडणे, मोळी बांधणे आणि भरणे एकट्याने होत नाही. फरक इतकाच की बैल त्यांचे होते, ट्रॉली मुकादमाची आहे, आणि उचल फिटेपर्यंत परतायचे नसते. मुले पाच-सहा महिन्यांनी, चैत्राच्या आसपास गावी येतात. तोवर आपल्या हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणांची रांग तयार झालेली असते.

अशा मुलांपैकी कोणी वर्गात असेल, तर फळ्यावरच्या त्या पाच कलमांपुढे काय लिहायचे हे आधी त्याला विचारावे. पाणी कुठून आणायचे, रात्री पत्रे कसे उभे करायचे, चूल कोण पेटवते, हे त्याला नेमके सांगता येईल.