मालेगावचे घरोघरचे कागद

नाशिकास गोदावरीच्या तीरी नारोशंकराचे देवालय आहे. वसई सर झाल्यावर मराठ्यांनी तिकडून ज्या पोर्तुगीज घंटा आणिल्या, त्यांपैकी एक या देवालयाच्या दर्शनी तटावर टांगलेली आहे. आणि गोदेस महापूर आला म्हणजे पाणी घंटेस लागले की नाही, याची चर्चा नाशिककर अजून करितात. ज्या पुरुषाचे नाव एका घंटेने असे लोकांच्या तोंडी ठेविले, त्याच्याच किल्ल्याभोवती वाढलेल्या मालेगावी जाऊन त्याच्याविषयी विचारावे, तर बहुधा एकच उत्तर मिळते : किल्ला राजेबहादुरांनी बांधिला. कोणत्या पैशाने, कोणाच्या हातांनी, आणि तो बांधिताना मोसमकाठच्या त्या लहानशा वस्तीचे काय झाले, असे पुढचे प्रश्न काढिले की बोलणे थांबते.

नारो शंकर दाणी याचे चरित्र आपणांस अगदीच ठाऊक नाही असे नव्हे. १७४०च्या सुमारास त्याने मालेगावच्या किल्ल्यास हात घातला. १७४२पासून पुढे सुमारे पंधरा वर्षे झांशीचा सुभा त्याजकडे होता, व त्या काळात तेथील किल्ला वाढवून त्याने शहर वसविले. १७६०त सदाशिवरावभाऊने दिल्ली घेतल्यावर ती त्याच्या हवाली केली, आणि पानिपतचा घात झाल्यावर त्यास ती सोडून निघावे लागले. हे सर्व आपणांस कळते ते सरकारी पत्रव्यवहारातून. परंतु सरकारच्या कागदात मनुष्य सरकारच्या कामापुरताच येतो. नारो शंकर दिल्लीस आहे तोवर तो दिसतो. दिल्ली सोडून तो मालेगावच्या वाटेस लागला की कागद त्याच्याकडे पाठ फिरवितो. किल्ल्याच्या कामास सुरतेकडून व उत्तरेकडून कारागीर आणिले होते, अशी वार्ता सांगतात. ती खरी असल्यास त्या कारागिरांस रोज काय मिळे, ते राहात कोठे, काम संपल्यावर परत गेले की येथेच त्यांची घरे झाली, हे सांगणारा कागद पुण्याच्या दप्तरात कशास असेल? तो असावयाचा तर कारभाऱ्याच्या, वाण्याच्या, नाहीतर पाटलाच्या घरी.

कागदाचे मोल काय असते, हे मालेगावास कोणी शिकवावयास नको. १८१८च्या मे महिन्यात कर्नल मॅक्डॉवेल याने या किल्ल्यास वेढा दिला, तेव्हा आत राजेबहादुरांची सत्ता नावाचीच उरली असून खरा अंमल अरब शिबंदीचा होता. इंग्रजांचा पहिला हल्ला फसला. मागाहून नवी कुमक व तोफा आल्या, गोळे दारूच्या कोठारावर पडले, आणि जूनच्या मध्यास अरब खाली येण्यास तयार झाले. मात्र नुसत्या तोंडी वचनावर विश्वास ठेवण्यास त्यांचा जमादार राजी होईना. तेव्हा कर्नलच्या मुनशीने मराठीत एक कागद लिहून दिला. त्यात शब्द असे काही पडले की, कर्नलच्या मनात होते त्याहून पुष्कळ अधिक अरबांच्या पदरात जावे. पुढे वाद निघाला. खानदेशचा कारभार पाहणारा कॅप्टन ब्रिग्ज याचे म्हणणे, जीवदानापलीकडे आपण बांधलेलो नाही. एल्फिन्स्टन याने मात्र निर्णय दिला की, कागदात आहे त्याचा अर्थ अरबांस जो सर्वांत हिताचा तोच धरावा. आणि त्याप्रमाणे ते मोकळे झाले. तीनचारशे माणसांचे भवितव्य एका मुनशीच्या ढिल्या वाक्यावर ठरले! तो मुनशी कोण होता, हे विचारावयास आम्हांस फार आवडेल. कर्नलचे नाव प्रत्येक ग्रंथात आहे. ज्याच्या लेखणीने माणसे सुटली, त्याचे मात्र आमच्या तरी वाचनात आलेले नाही.

आता घरच्या कागदांची दशा पाहू. जुनी घराणी आपले दप्तर दाखवीत नाहीत, अशी तक्रार इतिहाससंशोधक नेहमी करीत आले, व ती खोटी नव्हती. परंतु तिचे कारण केवळ अडाणीपणा नव्हे. १८५२च्या कायद्याने इनाम कमिशनास बळ मिळाले आणि घरोघर सनदांची झडती सुरू झाली. सनद दाखविता आली नाही की जमीन गेली. दाखविली आणि तीत खोट निघाली, तरीही गेली. त्या धास्तीत ज्या पिढीने आपले कागद माळ्यावर व भिंतीतील कोनाड्यात दडविले, तिने मुलांसही तेच शिकविले. याचा एक विपरीत परिणाम असा झाला की, कोर्टात उपयोगी पडणारे तेवढे कागद सोन्यासारखे जपले गेले आणि बाकीचे बंबात गेले. वास्तविक सनदेची नोंद सरकारी दप्तरात सापडण्याचा संभव असतो. लग्नाचा खर्च, गड्यांचे रोज, लेकीने सासरहून लिहविलेले पत्र, दुष्काळात विकलेल्या बैलांची यादी, यांची दुसरी प्रत जगात कोठेही नसते.

तालुक्यातील एका घरी आम्हीच हे डोळ्यांनी पाहिले. घरच्या वृद्ध बाईंनी सनद फडताळातून, रेशमी वस्त्रात गुंडाळलेली, मोठ्या अभिमानाने आणून दाखविली. ‘आणखी काही?’ असे विचारता त्या म्हणाल्या, ‘बाकी नुसते हिशोब होते हो, मास्तर. मोडीतले. ते आता कोण वाचणार? जिन्याखाली टाकलेत.’ जिन्याखाली चार रुमाल होते, व एकास वाळवीने वरून पोखरले होते. बाईंस दोष देणे अन्यायाचे होईल. विसाव्या शतकाच्या मध्यास शाळांतून मोडी गेली, आणि आजोबांचे अक्षर नातवास परक्या देशाच्या लिपीसारखे झाले; न वाचता येणारी वस्तू मनुष्य किती पिढ्या सांभाळणार?

राजवाड्यांनी १८९८त आपल्या साधनांचा पहिला खंड, तोही पानिपतच्या काळचा, छापिला. आणि पुढील आयुष्य अशाच रुमालांच्या मागे गावोगाव फिरण्यात घालविले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी ते धुळ्यास वारले. त्यांचा संग्रह तेथील राजवाडे संशोधन मंदिरात आहे, आणि शंकर श्रीकृष्ण देव यांनी मठामठांतून मिळविलेली रामदासी बाडेही त्याच गावी आहेत. मालेगावाहून धुळे आग्रारोडने पन्नास किलोमीटरांच्या आसपास. ‘कागद गावाबाहेर गेले की गाव पोरके होते’, असे आमचे एक स्नेही म्हणतात. त्यांची भावना आम्हांस समजते. पण वाळवीस गावाचा अभिमान नसतो. घरी जपवत असेल त्याने घरी जपावे, नसेल त्याने धुळ्याची वाट धरावी, एवढेच आमचे मत आहे.

आणि कागद म्हणजे मोडीचेच, असा समज करून घेऊ नये. १८५७नंतर उत्तर हिंदुस्थानातून मोमीन विणकर येथे येऊन राहिले, व हातमागावरून यंत्रमागावर गेलेले आजचे मालेगाव मुख्यतः त्यांच्या श्रमाचे आहे. किल्ला बांधणारे घराणे जर गावाचे आद्य, तर पहिला माग घालणारे घर का नव्हे? त्यांच्याकडील उर्दू पत्रे, सुताच्या उधारीच्या वह्या, मूळ गावाशी राहिलेला व्यवहार, हे राजेबहादुरांच्या कागदांच्या शेजारी ठेविल्याखेरीज या गावाची हकीकत अर्धीच राहील. १९२१च्या एप्रिलात खिलाफतीच्या दिवसांत येथे जो दंगा झाला, त्याचे वर्णन खटल्याच्या कागदांत सापडते. खटल्याच्या कागदात मनुष्य आरोपी अथवा साक्षीदार असतो. तो त्या सकाळी घरातून कशासाठी निघाला, हे घरच्यांसच माहीत असते.

त्या जिन्याखालच्या रुमालांचे पुढे काय झाले, हे वाचक विचारतील. आम्ही ते मागितले नाहीत. बाईंच्या नातवास मात्र एक कोरी वही दिली आणि कागद कसा उलगडावा, झटकावा, क्रमांक कसा घालावा, हे दाखविले. मुलगा चलाख आहे. मोडीची बाराखडी त्याने पंधरा दिवसांत उचलली, आणि प्रत्येक कागदाचे छायाचित्र घेण्याची युक्ती त्याचीच. तीन रुमालांची यादी झाली आहे. दुसऱ्यात गवंड्यांच्या रोजांचा एक खर्डा निघाला. त्याची तारीख फाटली आहे, पण नावे शाबूत आहेत, आणि त्यांतली निदान चार या मुलखातली वाटत नाहीत. वाळवी लागलेला चौथा रुमाल पावसाळ्याची ओल गेल्यावर, दिवाळीनंतर सोडावयाचा आहे.