पाचवा हायवा आणि बोरघाट

मागच्या महिन्यात शुक्रवारी रात्री मामाचा फोन आला. "अरे, तू ते कॉम्प्युटरवर हिशोब करतोस ना? मग मला एक सांग, पाचवा हायवा घेऊ की नको? बँकवाला मागे लागलाय."

आमच्या घरात मी इंजिनियर असल्यामुळे मिक्सर बिघडण्यापासून शेअर बाजारापर्यंत सगळे प्रश्न माझ्याकडेच येतात. डिग्री कॉम्प्युटरची, नोकरी सॉफ्टवेअरची, पण ते कोण ऐकून घेतो? मामाची खालापूर तालुक्यात दगडखाण आणि खडी क्रशर आहे. एक पोकलेन, चार हायवा. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पोकलेन म्हणजे दगड उचलून गाडीत भरणारं मोठ्या हाताचं यंत्र. पोक्लेन हे एका फ्रेंच कंपनीचं नाव. हायवा म्हणजे मागचा हौदा उचलून माल ओतणारा ट्रक, आणि ते नाव खरं तर हौदा उचलणारा हायड्रॉलिक सिलिंडर बनवणाऱ्या डच कंपनीचं. आपल्याकडे यंत्राला कंपनीचं नाव चिकटलं की ते सुटत नाही, जेसीबीचंच बघा ना.)

शनिवारी सकाळी पुण्याहून गाडी पकडली. लोणावळा, खंडाळा आणि मग बोगदे. शाळेत असल्यापासून हे बोगदे मोजतोय आणि दरवेळी आकडा चुकतो. कर्जतला उतरून वडापाव खाल्ला आणि मामाच्या जीपमधून खाणीवर पोचलो.

तिथे तीन तास मोबाईलचं स्टॉपवॉच घेऊन बसलो. पोकलेनला एक बकेट भरून ओतायला साधारण २४ सेकंद लागतात. एका हायव्यात १० बकेट, म्हणजे ४ मिनिटं. गाडी मागे घेऊन नीट लावायला आणखी १ मिनिट. म्हणजे दर ५ मिनिटांना एक गाडी भरते. भरलेली गाडी क्रशरपर्यंत जाते, ओतते, परत येते, त्याला ११ मिनिटं. भरण्याचा वेळ धरून एक फेरी १६ मिनिटांची.

आता गणित अगदी सातवीतलं आहे. पोकलेन एका गाडीला ५ मिनिटं घेतो आणि गाडीची फेरी १६ मिनिटांची. मग किती गाड्या असल्या की पोकलेनही रिकामा बसणार नाही आणि गाड्याही रांगेत उभ्या राहणार नाहीत? १६ भागिले ५, म्हणजे ३.२. खाणकामाच्या शास्त्रात याला मॅच फॅक्टर म्हणतात. गाड्यांची संख्या गुणिले भरण्याचा वेळ, भागिले लोडरची संख्या गुणिले फेरीचा वेळ. उत्तर १ आलं तर जोडी जमली. १ च्या खाली गेलं तर लोडर वाट बघतो, वर गेलं तर ट्रक. मामाच्या ४ गाड्यांना उत्तर येतं १.२५. पाचवी घेतली तर १.५६. म्हणजे पाचवी गाडी हप्ते भरून रांगेत उभी करायला घ्यायची!

"मग पोकलेन मोठा घेऊ?" मामाने विचारलं. तेही करून बघितलं. मोठा पोकलेन ७ बकेटमध्ये गाडी भरेल, तासाला १५ गाड्या निघतील. एका गाडीत १६ टन धरले तर २४० टन. पण क्रशरच मुळी तासाला २०० टन गिळतो. आत्ताचा पोकलेन तासाला १२ गाड्या, म्हणजे १९२ टन देतोय. यापेक्षा चांगली जोडी कुठली? थोडक्यात, काहीच घेऊ नका. मामाचा चेहरा पडला, पण चहा पाजला.

चंद्रपूरकडच्या मोठमोठ्या कोळसा खाणींमध्ये हेच गणित ६० टनी आणि त्याहून मोठ्या डंपरांचं असतं. तिथे ठोकताळा असा की ३ ते ६ बकेटमध्ये गाडी भरली पाहिजे. त्याहून कमी बकेट लागत असतील तर यंत्र गाडीला मोठं, एकेका बकेटचा दणका हौद्याला बसतो. जास्त लागत असतील तर गाडी उभी राहून वेळ खाते. यात आणखी दोन गोष्टी येतात. एक म्हणजे फोडलेला दगड फुगतो. एक घनमीटर अखंड काळा पाषाण फोडला की दीड घनमीटरच्या आसपास जागा खातो, त्यामुळे बकेट निवडताना फुटलेल्या मालाचं वजन धरायचं, अखंड खडकाचं नाही. दुसरी गोष्ट रस्ता. चढ वाढला की फेरी लांबते, आणि फेरी लांबली की गाड्या जास्त लागतात. लोक आधी गाडी बघायला शोरूमला जातात. खरं म्हणजे आधी रस्ता बघायला हवा.

असो. हे सगळं झाल्यावर संध्याकाळी खाणीच्या कडेला बसलो होतो. समोर घाटाची भिंत. लांबून रेल्वेचा भोंगा ऐकू आला आणि डोक्यात किडा वळवळला: ही रेल्वे ज्यांनी बांधली त्यांनी दगड कशाने भरला आणि कशाने वाहिला? पोकलेन कुठला आणि हायवा कुठला?

पुढचे दोन वीकेंड त्यातच गेले.

बोरघाटाच्या रेल्वेचं काम सुरू झालं जानेवारी १८५६ मध्ये. कंपनी जी.आय.पी., मुख्य इंजिनियर जेम्स बर्कली, कंत्राटदार फॅव्हियल. कर्जतजवळच्या पळसदरीपासून लोणावळ्यापर्यंत जवळजवळ १६ मैलांचा चढ, उंची १८३१ फूट. सर्वात तीव्र चढ ३७ फुटांना १ फूट. २५ बोगदे, ८ मोठे दगडी पूल. कटिंगमधून काढलेला माल सुमारे १६ लाख २३ हजार घनयार्ड आणि भरावात टाकलेला १८ लाख ५० हजार घनयार्ड.

मी लगेच एक्सेल उघडलं. (सवय!) कटिंगचा माल म्हणजे सुमारे १२ लाख ४० हजार घनमीटर. सगळा काळा पाषाणच धरला तर ३५ लाख टनांच्या आसपास. मामाच्या हायव्यात घातला तर २ लाख १९ हजार फेऱ्या. आणि डोक्यावरच्या टोपलीत २० किलो धरले तर साडेसतरा कोटी टोपल्या. बोगद्यांचा माल वेगळाच.

आणि तो खरोखर टोपल्यांनीच वाहिला. १८६१ साली या घाटात एका वेळी ४२ हजारांपर्यंत माणसं काम करत होती. सुरुंगाला काळी दारू, कारण डायनामाइटचं पेटंटच १८६७ चं. काही कड्यांवर माणसाला दोराने खाली सोडून सुरुंगाची भोकं पाडून घ्यायचे. मातीकामाला घरंच्या घरं यायची. पुरुष खणणार, बायका आणि पोरं वाहणार. वडारांसारखे पिढीजात दगडमातीचं काम करणारे लोक यात मुरलेले होते.

आता मॅच फॅक्टर लावून बघा. समजा एक माणूस अर्ध्या मिनिटात टोपली भरून डोक्यावर देतो आणि टाकून परत यायला अडीच मिनिटांची फेरी आहे. तर एका फावड्याला ५ टोपल्या. भराव पुढे सरकला, फेरी ५ मिनिटांची झाली, तर १० टोपल्या. हे सूत्र खाणकामाच्या मासिकात १९६८ मध्ये छापून आलं, पण टोळीच्या मुकादमाला हे डोळ्यांनी कळत असणार. आजही आपल्याकडे सरकारी मातीकामाचे दर 'लीड' आणि 'लिफ्ट'वर असतात. माती किती लांब नेली आणि किती उंच चढवली. हायव्याच्या फेरीचं गणित आणि टोपलीच्या फेरीचं गणित एकच आहे.

मला वाटायचं, त्या काळी यंत्रं नव्हती म्हणून टोपल्या. इथे मी साफ चुकलो. वाफेवर चालणारं फावडं अमेरिकेत विल्यम ओटिसने १८३० च्या दशकातच बनवलं होतं, १८३९ मध्ये त्याचं पेटंटही झालं. तिकडे मजूर महाग आणि कमी, म्हणून ते रेल्वेच्या कामावर चाललं. खुद्द इंग्लंडात मात्र पुढची तीसेक वर्षं ते फारसं कुणी वापरलं नाही, कारण तिथे आयरिश आणि इंग्रज मजूर हातगाडी-फावड्यावर स्वस्तात काम करत होते. मग बोरघाटात ते कोण आणणार? मजुरी त्याहून स्वस्त, कोळसा दूर, आणि यंत्र कड्यावर चढवायचं कसं?

एक गोष्ट इंग्रज साहेब चवीने सांगायचे. मजुरांना एकचाकी हातगाड्या दिल्या तर त्यांनी त्या डोक्यावर घेतल्या म्हणे. आपणही ती ऐकून हसतो. पण विचार करा. एकचाकी गाडी चालायला खाली फळ्यांची सपाट वाट लागते. घाटाच्या उतारावर, फुटलेल्या दगडांवरून ती ढकलून दाखवा बरं. शिवाय मजुरी अख्ख्या टोळीच्या खोदाईवर, आणि टोळीत बायको-पोरं. गाडी एकाच माणसाने ढकलायची असेल तर बाकीच्यांनी करायचं काय? त्या रस्त्याला आणि त्या मजुरीला टोपलीच बरोबर होती.

इथपर्यंत मला हे सगळं फार सुंदर वाटत होतं. जुन्या लोकांनी सूत्राशिवाय बरोबर निवड केली वगैरे. मग पुढचं वाचलं.

जानेवारी १८५९ मध्ये थकलेल्या मजुरीवरून घाटात दंगल झाली. उपकंत्राटदारांनी पैसे दिले नव्हते. मार्चमध्ये फॅव्हियलने कंत्राट सोडलं. मग सॉलोमन ट्रेडवेल आला आणि हिंदुस्थानात उतरल्यावर काही आठवड्यांतच आजारी पडून गेला. त्याच्या बायकोने, अ‍ॅलिस ट्रेडवेलने, कंत्राट स्वतःच्या नावावर घेतलं आणि अ‍ॅडमसन व क्लाउझर या दोघा इंजिनियरांकडून काम पुरं करून घेतलं. २१ एप्रिल १८६३ ला गव्हर्नर फ्रिअर यांनी घाट खुला केला. बर्कली तोवर हयात नव्हता.

आणि मजूर? कॉलरा आणि तापाने हजारो मेले. हजारो माणसं एका उतारावर, तेच पाणी, तीच गवताच्या झोपड्यांची दाटी. इतकी माणसं तिथे का होती? कारण वाहतूक टोपलीने होती. टोपली स्वस्त ठरली, कारण तिच्याखालच्या माणसाच्या मरणाचा खर्च कंत्राटाच्या कुठल्याच रकान्यात नव्हता. दंगलीनंतर १८६० मध्ये सरकारने मजूर आणि मालक यांच्या तंट्यांचा कायदा केला. त्यात थकलेली मजुरी लवकर मिळवण्याची सोय होती, पण काम अर्धवट सोडून जाणाऱ्या मजुराला तुरुंगही होता.

टोपली तिथेच संपली असंही नाही. १९७२ च्या दुष्काळात माझी आजी खडी फोडायला जायची. तेव्हा यंत्र आणून ते काम झटपट उरकता आलं असतं. पण तिथे खडी महत्त्वाची नव्हतीच, हजेरी महत्त्वाची होती. म्हणून यंत्र मुद्दाम बाजूला ठेवलं. पुढे त्यातूनच राज्याचा रोजगार हमी कायदा आला, १९७७ साली. तीच टोपली, तीच बाई, पण या वेळी रकाना वेगळा होता. बोरघाटात माणूस स्वस्त म्हणून टोपली, दुष्काळात माणूस जगावा म्हणून टोपली. आणि त्याच घाटात २००२ ला पूर्ण झालेल्या एक्सप्रेसवेच्या वेळी मात्र पोकलेन आणि डंपर.

मागच्या रविवारी पुन्हा मामाकडे गेलो. मामाने माझा कागद जपून ठेवला होता. म्हणाला, "पाचवी घेत नाही. पण तुझा कागद म्हणतोय की चौथीपण जास्तच आहे."

खरंच होतं. ३ गाड्या तासाला ११ फेऱ्या मारतात, ४ मारतात १२. म्हणजे चौथी गाडी तासाला जेमतेम एक फेरी वाढवते. मी पटकन म्हणालो, "हो, काढून टाकली तरी चालेल."

मामा काही बोलला नाही. चौथ्या गाडीवरचे ड्रायव्हर काका समोरच टायर ठोकून बघत होते. मामाची पहिली गाडी होती तेव्हापासूनचे, आता साठीला आले. खाणीवर पगार फेरीवर असतो. माझ्या एक्सेलमध्ये त्यांचं नाव 'गाडी क्र. ४'.

मग मामानेच हिशोब शिकवला. महिन्यात चारपैकी एक गाडी कधी पंक्चर, कधी पाटा तुटलेला, कधी पासिंगला. त्या दिवशी तीनच असतात. तीनच ठेवल्या असत्या तर त्या दिवशी दोन राहतील आणि क्रशर उपाशी. "तुझं स्टॉपवॉच शनिवारचं होतं," म्हणाला, "गाडी सोमवारी बिघडते." आमच्या ऑफिसमध्ये जास्तीचा सर्व्हर ठेवण्यासाठी मीच मॅनेजरशी भांडतो, आणि इथे मला ते सुचलं नाही!

म्हणजे चौथी गाडी राहिली. पण खरं सांगायचं तर ती हिशोबात बसली म्हणून राहिली. पुढे मागे मामाने नव्या, न बिघडणाऱ्या तीन गाड्या घेतल्या तर माझं सूत्र पुन्हा तेच सांगेल आणि तेव्हा ते बरोबरही असेल. मग काय करायचं, याचं उत्तर मला सापडलेलं नाही. तेवढ्यापुरतं मी एक्सेलमध्ये एक रकाना वाढवलाय आणि 'गाडी क्र. ४' खोडून तिथे काकांचं नाव लिहिलंय. त्याने आकडा बदलत नाही. पण निदान पुढच्या वेळी 'काढून टाका' म्हणण्याआधी मला ते नाव वाचावं लागेल.

येताना गाडी घाट चढत होती. कर्जतला मागून जादा इंजिनं लागली आणि बोगदे सुरू झाले. या वेळी मी ते मोजले नाहीत, साडेसतरा कोटीचाच विचार करत बसलो.