फयान, डाऊनी आणि एक पान

बुधवार, ११ नोव्हेंबर २००९, दुपारी चारच्या सुमारास

फयान चक्रीवादळ अलिबाग आणि मुंबईच्या मधे किनाऱ्याला लागतंय. पिंपळगाव बसवंतचा समुद्राशी काही संबंध नाही, पण आभाळ मात्र इथलंही भरून आलंय. निफाड तालुक्यातल्या बहुतेक द्राक्षबागांची ऑक्टोबर छाटणी होऊन महिना होत आलाय. पानं कोवळी, घड फुलोऱ्याच्या आसपास. थॉमसन, सोनाका, तास-ए-गणेश ही नावं वेगवेगळी असली तरी सगळ्या एकाच कुळीतल्या. डाऊनी या रोगापुढे सगळ्या सारख्याच हतबल.

पुढचा हिशेब एका पानाचा आहे. तास सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेल्या वेगावरून मांडलेत. तापमान बदललं की ते मागेपुढे होतात.

सायंकाळी सात

पाऊस लागलाय, पान दोन्ही बाजूंनी ओलं आहे. वाऱ्याने आणि थेंबांच्या उडण्याने रोगाच्या बीजाणुपिशव्या येऊन पडतात. एका मिलिमीटरच्या रेघेवर पन्नासेक मावतील एवढ्या लहान. त्या पावसाळ्यापासून बागेत तग धरून राहिलेल्या डागांवरच्या, किंवा बांधापलीकडच्या बागेतल्या. डाऊनीला आपण बुरशी म्हणतो, पण नातं लावायचं तर ती शैवालांच्या जवळची. तिची पेशीभित्तिका कायटिनची नसते, सेल्युलोजची असते. हे लक्षात ठेवा, फवारणीच्या हिशेबात ते लागणार आहे.

रात्री आठ

पिशवीच्या आत पाणी शिरलंय. गॉल्गी संकुलाने पुरवलेल्या पटलांनी आतल्या जीवद्रव्याचे तुकडे पडतात, प्रत्येक तुकड्याच्या वाट्याला एक केंद्रक येतं आणि पिशवीचं तोंड उघडून चलबीजाणू बाहेर पडतात. त्यांना दोन कशाभिका असतात. एक पुढे ओढते, दुसरी मागे राहते. त्यांना लागणारी ऊर्जा तंतुकणिका पुरवतात, आणि तीही साठवलेल्या चरबीवर. पोहताना हा जीव काही खात नाही.

आणि त्याला पेशीभित्तिका नाही! नुसतं पटल. भोवतीचं पावसाचं पाणी सतत आत घुसतं, म्हणून आत एक आकुंचनशील रिक्तिका ते उपसून बाहेर टाकत असते. ती थांबली तर पेशी फुटेल. अख्ख्या आयुष्यात डाऊनी इतकी उघडी पुन्हा कधी पडत नाही. पानावर आधीच तांब्याचा थर असेल तर विरघळलेलं तांबं याच घडीला तिला मारतं. १८८५ मध्ये मिलार्दे या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण जगापुढे ठेवलं. फ्रान्समधल्या मेदोक भागातले बागाईतदार वाटसरूंनी द्राक्षं चोरू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर ते शिंपडायचे, आणि त्याच वेली रोगातून वाचल्याचं त्याच्या नजरेत भरलं होतं.

रात्री साडेनऊ

चलबीजाणू पानाच्या खालच्या बाजूला पर्णरंध्रांभोवती जमलेत. द्राक्षाच्या पानाला रंध्रं खालीच असतात. ज्याची फवारणी फक्त वरून चमकते, त्याने औषध चुकीच्या दारावर टाकलं. रंध्राच्या दोन रक्षक पेशींची आतली भिंत जाड, बाहेरची पातळ. रिक्तिकेत पोटॅशियम आणि पाणी भरलं की पेशी फुगून धनुष्यासारख्या वाकतात आणि मधे फट पडते. ही सोय कार्बन डायऑक्साइड आत यावा म्हणून. आज तिथून वेगळंच कोणी आत येणार आहे.

कशाभिका गळतात. पटलाखाली तयार ठेवलेल्या पुटिका एकदम रित्या होतात आणि काही मिनिटांत सेल्युलोजची भिंत उभी राहते. डायमेथोमॉर्फ या औषधाची वेळ आता सुरू होते, कारण ते भिंतीच्या बांधणीवरच घाव घालतं. तासाभरापूर्वी, पोहणाऱ्या बीजाणूला भिंतच नव्हती, तेव्हा ते त्याचं काहीच बिघडवू शकलं नसतं.

मध्यरात्रीच्या आधी

अंकुरनलिका रंध्रातून आत. खालच्या पोकळीत एक फुगा, त्यातून तंतू. पानाचा खालचा थर सैल पेशींचा असतो, हवा खेळावी म्हणून. तंतू त्याच मोकळ्या जागांतून सरकतात.

गुरुवार, १२ नोव्हेंबर, सकाळ

तंतूने मध्यपर्णातल्या पेशीची भिंत भेदून आत चोषक घातलाय. पेशीपटल मात्र फाटत नाही, चोषकाभोवती आत दबत जातं. याला डाऊनीचा सगळ्यात मोठा धूर्तपणा म्हणावं लागेल. पेशी जिवंत राहिली तरच तिच्याकडून साखर मिळत राहील.

पेशी गप्प बसत नाही. आतला तंतूंचा सांगाडा फिरतो, केंद्रक घावाच्या जागेकडे सरकू शकतं, आंतर्द्रव्यजालिका आणि गॉल्गी तिकडे माल पाठवतात, कॅलोजचा लेप चढतो. डाऊनीसोबत वाढलेल्या काही अमेरिकी रानवेलींत हे वेळेत होतं. थॉमसनच्या वाणांत उशीर होतो, आणि परजीवीची प्रथिनं उरलीसुरली आरोळीही दाबून टाकतात.

बाहेर उघडीप आहे, पण काळ्या जमिनीत ट्रॅक्टर रुततो. ब्लोअर बागेत घालता येत नाही. बागाईतदार चिखल तुडवत ओळीतून जातो, अंगठ्याने पान उलटतो, खालून पाहतो. पान स्वच्छ हिरवं. यात त्याची चूक नाही, डोळ्यांना दिसण्यासारखं अजून काही नाहीच.

शुक्रवार ते रविवार

तंतू पसरतात, एकेका पेशीत चोषक जातो. हरितलवकांत बनलेली साखर वेलीकडे जायची थांबते, स्टार्च जिथल्या तिथे साठतो, प्रकाशसंश्लेषण मंदावतं. बाधित भागातली रंध्रं रात्रीही नीट मिटत नाहीत.

सोमवार, १६ नोव्हेंबर

पान उन्हाकडे धरलं की पिवळसर तेलकट डाग दिसतो. तिथलं हरितद्रव्य मोडलंय. बाग बसायची ती बुधवारी रात्रीच बसली होती. कळलं आज.

मंगळवार, १७ नोव्हेंबर, पहाट

बीजाणू धरायला डाऊनीला ओलावा आणि काही तासांचा सलग अंधार लागतो. आत आली त्याच रंध्रांतून तिचे दांडे बाहेर पडलेत, पानाखाली पांढरी लव. आता एका डागातून हजारो पिशव्या सुटतील.

घडाचं दुखणं त्याहून मोठं. फुलोऱ्यातल्या घडाच्या देठावर आणि कोवळ्या मण्यांवर उघडझाप करणारी रंध्रं असतात. मणी मोठा होतो तशी ती निकामी होतात आणि डाऊनीला थेट आत शिरता येत नाही. हाच पाऊस पाचेक आठवड्यांनी आला असता तर पानं गेली असती, मण्यांचा बराचसा भाग वाचला असता. नोव्हेंबरच्या मध्यावर आल्यामुळे घड वाकडे होऊन, तपकिरी पडून गळाले. नाशिकपासून सांगलीपर्यंत अनेक बागांत त्या हंगामात तोडायला काही उरलं नाही.

हा घटनाक्रम त्यानंतरही दर अवकाळीत घडत आलाय, आणि दुकानातलं औषध मात्र अजून ब्रँड पाहून उचललं जातं. स्ट्रोबिल्युरिन गटाची औषधं तंतुकणिकेतलं एक प्रथिन अडवतात. त्या प्रथिनात एका अमिनो आम्लाची जागा बदलली की पूर्ण गट निकामी होतो, आणि असा बदल झालेली डाऊनी भारतातल्या बागांतही सापडली आहे. डब्यावरचं नाव बदललं तरी गट तोच असेल तर पैसे पाण्यात. तेव्हा खरेदीच्या वेळी आतला घटक आणि त्याचा गट विचारून घ्या, लागोपाठ एकाच गटाची फवारणी टाळा, आणि पावसाचा अंदाज आला की पान ओलं होण्याआधी त्याची खालची बाजू झाकून घ्या.