'मुलगा अमेरिकेत असतो' म्हणजे नक्की कोणत्या व्हिसावर? जोडीदाराचा व्हिसा, त्याची प्रतीक्षा आणि खर्च समजून घ्या

लग्नाच्या बायोडेटात एक ओळ हमखास दिसते, 'सध्या अमेरिकेत नोकरी'. पत्रिका जुळते, हॉल बुक होतो, तीन आठवड्यांच्या सुट्टीत साखरपुडा, लग्न आणि सत्यनारायण उरकतो. नवरा परत जातो आणि नवरी व्हिसाची वाट बघत बसते. कुणी काही महिन्यांत विमानात बसतं, कुणी दोन वर्षं माहेर-सासर करत राहतं. कुणाला तिकडे पोहोचल्यावर लगेच नोकरी करता येते, तर कुणाला हातात इंजिनिअरिंगची पदवी असून घरी बसावं लागतं.

हा नशिबाचा खेळ नाही. अमेरिकेत असलेल्या जोडीदाराकडे कोणता कागद आहे, यावर पुढचं सगळं ठरतं. हेच मुलगी तिकडे आणि मुलगा इकडे असेल तरीही लागू होतं. म्हणून पगार विचारण्याआधी व्हिसा विचारायला हवा.

'अमेरिकेत आहे' याचे तीन अर्थ

१. अमेरिकेचा नागरिक: जोडीदाराला थेट कायमस्वरूपी वास्तव्याचा व्हिसा मिळू शकतो. या गटासाठी वार्षिक कोटा नाही.

२. ग्रीन कार्डधारक: जोडीदाराला कायमस्वरूपी व्हिसा मिळतो, पण कोटा असल्यामुळे रांगेत थांबावं लागतं.

३. एच-१बी व्हिसावर नोकरी करणारा: जोडीदाराला एच-४ हा अवलंबित व्हिसा मिळतो. तो तुलनेने लवकर मिळतो, पण त्यावर सहसा नोकरी करता येत नाही.

जोडीदार नागरिक असेल तर प्रक्रिया कशी चालते?

सुरुवात अमेरिकेतून होते. नागरिक असलेला जोडीदार तिथल्या इमिग्रेशन खात्याकडे, म्हणजे यूएससीआयएसकडे, आय-१३० हा अर्ज करतो. 'हे लग्न खरं आहे आणि ही माझी पत्नी किंवा हा माझा पती आहे' एवढंच या अर्जातून सिद्ध करायचं असतं. सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. पुढचे टप्पे धरून पूर्ण प्रक्रियेला बहुतेकदा एक वर्षाहून अधिक काळ लागतो.

अर्ज मंजूर झाला की फाइल नॅशनल व्हिसा सेंटरकडे जाते. तिथे फी भरायची, डीएस-२६० हा ऑनलाइन अर्ज भरायचा, आर्थिक हमीपत्र आणि कागदपत्रं अपलोड करायची. सगळं नीट असेल तर मुलाखतीची तारीख मिळते.

भारतातल्या बहुतांश कायमस्वरूपी व्हिसांच्या मुलाखती मुंबईतल्या वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकी महावाणिज्य दूतावासात होतात. त्यामुळे अशा प्रकरणांच्या केस नंबरची सुरुवात 'बीएमबी' या अक्षरांनी होते.

मुलाखतीआधी वैद्यकीय तपासणी करावी लागते. ती दूतावासाने नेमलेल्या डॉक्टरांकडेच करायची असते, फॅमिली डॉक्टरचं सर्टिफिकेट चालत नाही. लसीकरणाचं जुनं कार्ड सापडलं तर सोबत न्यावं. घेतलेल्या लसींची नोंद नसेल तर त्या पुन्हा घ्याव्या लागू शकतात आणि खर्च वाढतो.

खर्च किती येतो?

१ एप्रिल २०२४ पासून यूएससीआयएसचे नवे दर लागू झाले. ते धरून नागरिकाच्या जोडीदाराचा सरकारी खर्च असा होतो:

- आय-१३० अर्ज: ऑनलाइन ६२५ डॉलर, कागदी अर्ज असेल तर ६७५ डॉलर
- डीएस-२६० व्हिसा अर्ज: ३२५ डॉलर
- आर्थिक हमीपत्राची छाननी: १२० डॉलर
- व्हिसा मिळाल्यावर, प्रवासाआधी भरायची इमिग्रंट फी: २३५ डॉलर

ऑनलाइन अर्ज धरला तर एकूण १,३०५ डॉलर. एक डॉलर ९० रुपयांना धरला तर साधारण १ लाख १७ हजार रुपये. नाकारला गेला म्हणून अर्जाचे पैसे परत मिळत नाहीत. फी भरण्याआधी सरकारी संकेतस्थळावर ताजे दर बघून घ्यावेत.

यात वैद्यकीय तपासणी, लसी, कागदपत्रांची भाषांतरं, मुंबईच्या फेऱ्या आणि विमानाचं तिकीट धरलेलं नाही. वकील केला तर त्याची फी वेगळी. वकील असलाच पाहिजे असा नियम नाही, साधं प्रकरण अनेक जण स्वतःच हाताळतात. आधी घटस्फोट झालेला असेल, व्हिसा नाकारला गेला असेल किंवा पोलीस केस असेल तर मात्र वकिलाचा सल्ला घेणं शहाणपणाचं.

खर्च इथे संपत नाही

अमेरिकेत प्रवेश करताना लग्नाला दोन वर्षं पूर्ण झाली नसतील, तर व्हिसा 'सीआर-१' प्रकारचा असतो आणि मिळणारं ग्रीन कार्ड फक्त दोन वर्षांचं असतं. त्याची मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून आय-७५१ अर्ज करायचा असतो. त्याची फी ७५० डॉलर. लग्न मोडलं असेल किंवा घरात छळ होत असेल, तर हा अर्ज एकट्यानेही करता येतो. 'मी सही केली नाही तर तुला परत जावं लागेल' अशी धमकी कुणी दिली, तर हा नियम लक्षात ठेवावा.

साखरपुडा करून आधीच जाता येतं का?

येतं. त्याला 'के-१' व्हिसा म्हणतात, पण तो फक्त अमेरिकी नागरिकाच्या वाग्दत्त जोडीदारासाठी आहे. अर्जाआधीच्या दोन वर्षांत दोघं प्रत्यक्ष भेटलेले असावे लागतात, व्हिडिओ कॉल सहसा पुरत नाहीत. अमेरिकेत पोहोचल्यावर ९० दिवसांत लग्न करावं लागतं आणि मग ग्रीन कार्डसाठी वेगळा अर्ज करावा लागतो. तिन्ही टप्प्यांची फी ६७५, २६५ आणि १,४४० डॉलर, म्हणजे एकूण २,३८० डॉलर. लग्न करून जाण्यापेक्षा हे बरंच महाग पडतं.

उत्पन्नाची अट आणि एक मोठी जबाबदारी

अमेरिकेतल्या जोडीदाराला आय-८६४ हे आर्थिक हमीपत्र द्यावं लागतं. त्याचं उत्पन्न तिथल्या गरिबी निर्देशांकाच्या किमान १२५ टक्के हवं. २०२५ च्या तक्त्यानुसार दोघांच्या कुटुंबासाठी ही रक्कम वर्षाला २६,४३७ डॉलर होती. उत्पन्न कमी पडलं तर दुसरा हमीदार चालतो, पण तोही अमेरिकेत राहणारा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारकच हवा. पुण्यातल्या सासऱ्यांची एफडी कितीही मोठी असली तरी ते हमीदार होऊ शकत नाहीत.

ही हमी म्हणजे नुसती सही नाही, तो कायदेशीर करार आहे. घटस्फोट झाला तरी तो आपोआप संपत नाही. आलेला जोडीदार नागरिक झाला, त्याच्या नावावर कामाच्या ४० तिमाह्या जमा झाल्या, त्याने अमेरिका कायमची सोडली किंवा दोघांपैकी कुणाचा मृत्यू झाला, तरच ही जबाबदारी संपते. सही करणाऱ्याने आणि जिच्यासाठी सही होते तिने, दोघांनीही हे वाचून समजून घ्यावं.

ग्रीन कार्डधारक असेल तर?

अर्ज तोच, आय-१३०. पण श्रेणी 'एफ-२ए', आणि तिथे दरवर्षी किती व्हिसा द्यायचे याला मर्यादा आहे. अर्ज ज्या तारखेला दाखल होतो तोच रांगेतला नंबर. अमेरिकेचं परराष्ट्र खातं दर महिन्याला 'व्हिसा बुलेटिन' काढतं, त्यात आपली तारीख आली का हे बघायचं. यात काही वर्षं जाऊ शकतात. मधल्या काळात जोडीदार अमेरिकेचा नागरिक झाला, तर प्रकरण कोटा नसलेल्या गटात हलवता येतं.

इथे लग्नाची तारीखही महत्त्वाची. नोकरीच्या आधारे ग्रीन कार्ड मिळत असेल आणि ते मिळण्याआधी लग्न झालं असेल, तर जोडीदाराला 'फॉलोइंग टू जॉइन' या सोयीने त्याच प्रकरणाच्या आधारे येता येतं. ग्रीन कार्ड आधी आणि लग्न नंतर झालं, तर एफ-२एच्या रांगेत थांबावं लागतं. 'कार्ड हातात आलं की बार उडवू' असं ठरवणाऱ्या घरांनी हे आधीच माहीत करून घ्यावं.

एच-४: लवकर मिळतो, पण हात बांधलेले

एच-१बीवर असलेल्याच्या पती किंवा पत्नीला एच-४ मिळतो. डीएस-१६० अर्ज भरायचा आणि २०५ डॉलर फी द्यायची. या व्हिसावर शिक्षण घेता येतं, पण नोकरी करता येत नाही. अपवाद २०१५ च्या नियमाचा: एच-१बीधारकाचा ग्रीन कार्डसाठीचा आय-१४० अर्ज मंजूर झाला असेल, किंवा त्या प्रक्रियेमुळे त्याला सहा वर्षांपलीकडे मुदतवाढ मिळाली असेल, तर एच-४ जोडीदार कामाच्या परवान्यासाठी अर्ज करू शकतो.

नोकरीच्या श्रेणीतली ग्रीन कार्डची रांग भारतीयांसाठी फार लांब आहे. त्यामुळे एच-४वरची वर्षं वाढत जातात. हा व्हिसा पूर्णपणे जोडीदारावर टांगलेला असतो. त्याची नोकरी गेली तर नवी सोय करायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. घटस्फोट झाला तर एच-४चा आधारच जातो. पुण्यातली चांगली नोकरी सोडून जाणाऱ्या मुलीने ही बाजू आधी तोलून पाहायला हवी.

आपल्याकडच्या कागदांत कुठे अडतं?

लग्नाचं सर्टिफिकेट: मंगल कार्यालयाची पावती, पत्रिका किंवा फोटो पुरत नाहीत. महापालिका, ग्रामपंचायत किंवा विवाह निबंधकाकडचं नोंदणी प्रमाणपत्रच लागतं. सुट्टी कमी असेल तर नोंदणीची तयारी लग्नाआधीच करावी. विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचं असेल तर ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते.

नाव: मराठी पद्धतीत लग्नाआधी वडिलांचं आणि लग्नानंतर नवऱ्याचं नाव मधे येतं. त्यामुळे जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला आणि पासपोर्टवर तीन वेगवेगळी नावं दिसतात. लग्नानंतर नाव बदलणं सक्तीचं नाही. बदलायचं असेल तर सगळीकडे एकसारखं आणि अर्जाआधीच बदलावं.

जन्मदाखला: जुन्या दाखल्यावर बाळाचं नावच नसतं असं अनेकदा होतं. ते आधी लावून घ्यावं. नोंदच नसेल तर स्थानिक कार्यालयाकडून तसा दाखला आणि सोबत इतर पुरावे द्यावे लागतात. फक्त मराठीत असलेल्या कागदांचं इंग्रजी भाषांतर प्रमाणित करून जोडावं.

पोलीस क्लिअरन्स: पासपोर्ट सेवा पोर्टलवरून अर्ज करता येतो, फी ५०० रुपये.

या चुका महागात पडतात

- टुरिस्ट व्हिसावर जाऊन तिथेच राहण्याचा बेत: मुलाखतीत खोटं बोलल्याचं सिद्ध झालं तर अमेरिकेत प्रवेशावर कायमची बंदी येऊ शकते.
- 'हमखास व्हिसा' देणारा एजंट: व्हिसाची हमी कुणीही देऊ शकत नाही. अमेरिकी सरकारच्या खऱ्या संकेतस्थळांचा पत्ता 'डॉट जीओव्ही'ने संपतो.
- पुरावे न जपणं: ठरवून केलेल्या लग्नात सहवासाचे दिवस कमी असतात. म्हणून प्रवासाची तिकिटं, एकत्र फोटो, कॉल आणि मेसेजच्या नोंदी, पैसे पाठवल्याच्या पावत्या सुरुवातीपासून ठेवाव्यात.

अडचणीत कुठे जायचं?

परदेशस्थ भारतीयाशी लग्न करून फसवणूक झालेल्या महिलांसाठी राष्ट्रीय महिला आयोगात एनआरआय कक्ष आहे. परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते. अमेरिकेत छळ सोसणाऱ्या एच-४ जोडीदाराला आय-७६५व्ही या अर्जाने कामाचा परवाना मागता येतो.

साखरपुड्याआधी विचारायचे तीन प्रश्न

१. तुमच्याकडे नागरिकत्व आहे, ग्रीन कार्ड आहे की एच-१बी? कागद बघता येईल का? एच-१बी असेल तर आय-७९७ ही मंजुरीची नोटीस असते.
२. एच-१बी असेल तर आय-१४० मंजूर झालाय का?
३. व्हिसा यायला वेळ लागला तर मधल्या काळात कोण कुठे राहणार आणि खर्च कोण करणार?

हे विचारण्यात संशय घेण्यासारखं काही नाही. घर, पगार, पत्रिका हे सगळं विचारलं जातंच. लग्नानंतर दोघं एकत्र कधी राहणार, हे ज्या कागदावर ठरतं तो बघायला मागणंही तितकंच साधं आहे.